वेशीच्या आतले १०२४ दरवाजे

फोनवर एखादी वेबसाइट उघडताना आपण फक्त तिचं नाव टाइप करतो. त्या नावामागे एक नंबर असतो. तो ब्राउझर स्वतःच लावून घेतो आणि आपल्याला दाखवतही नाही. साध्या एचटीटीपीसाठी ८०, कुलूपवाल्या एचटीटीपीएससाठी ४४३. वापरणाऱ्याला हे नंबर कधी आठवावे लागत नाहीत. पण ज्याने स्वतः एखादं वेब ॲप लिहून सर्व्हरवर चढवलं आहे, त्याला ते चांगले ठाऊक असतात. घरच्या लॅपटॉपवर त्याचं ॲप ३००० किंवा ८०८० या नंबरावर मजेत चालत असतं. तेच लिनक्सच्या सर्व्हरवर नेऊन ८० वर बसवायला जावं, तर समोरून दोन शब्द येतात: परमिशन डिनाइड.

मशीन आपलं, भाडं आपण भरतो, ॲप आपण लिहिलं. मग परवानगी कोणाची? आणि ३००० ला मिळते ती ८० ला का मिळत नाही?

नेटवर शोधलं की पहिलं उत्तर येतं, 'पुढे सुडो लावा'. लावलं की चालतं. म्हणजे सर्व्हरवरच्या सर्वोच्च वापरकर्त्याच्या, 'रूट'च्या नावाने ॲप चालवायचं. बहुतेक जण इथे थांबतात, कारण काम झालेलं असतं. मी अकोल्यात राहून लहान संस्थांचे सर्व्हर सांभाळतो, आठवड्यातून एकदोनदा अमरावतीला जातो, आणि या 'काम झालं' नंतर काय काय होऊ शकतं ते पाहणं हा माझ्या पोटापाण्याचाच भाग आहे. म्हणून हा नियम आला कुठून, तो कोणी केला, कशासाठी केला, आणि त्याने आपलं भलं किती केलं नि नुकसान किती, हे एकदा नीट मांडावंसं वाटलं.

वेस

पोर्ट म्हणजे काय ते वऱ्हाडातल्या माणसाला समजावणं सोपं आहे. आपल्याकडे 'वेस' हा शब्द अजून जिवंत आहे.

अमरावतीच्या जुन्या शहराभोवती दगडी परकोट आहे. १८०७ साली निजामाच्या सरकारने तो बांधायला घेतला. कारण पेंढारी. अमरावती कापसाच्या आणि सावकारीच्या पैशाने भरलेलं गाव होतं, आणि पेंढाऱ्यांना असली गावं बरोबर माहीत असत. भिंत वीस ते सव्वीस फूट उंच, घेर सुमारे सव्वादोन मैल. तिला पाच मोठे दरवाजे ठेवले: अंबा, भुसारी, महाजनपुरी, नागपुरी, खोलापुरी. आणि चार लहान दारं. त्यांना दरवाजा म्हणत नाहीत, 'खिडकी' म्हणतात: माता, छत्रपुरी, पटेल आणि खुनारी. खुनारी खिडकीच्या नावामागे मोहरमच्या वेळी तिथे झालेल्या रक्तपाताची आठवण आहे.

अकोल्यातही तसंच. औरंगजेबाचा वजीर असदखान, त्याच्या नावाने इथला किल्ला असदगड. जुन्या अकोल्याच्या तटाला दहीहांडा वेस आहे, अगर वेस आहे.

या नावांत एक गोष्ट सारखी आहे. दरवाजाला नाव बहुधा पलीकडच्या ठिकाणाचं आहे. नागपुरी दरवाजा नागपूरच्या वाटेला, खोलापुरी खोलापूरच्या, दहीहांडा वेस दहीहांड्याच्या. परका माणूस गावात आला तरी कोणत्या कामाला कोणत्या दरवाजाने जायचं हे त्याला नावावरून कळतं. हे नाव सगळ्यांना ठाऊक असण्यातच दरवाजाचा उपयोग आहे. आणि म्हणूनच अशा दरवाजावर कोण बसतं, हा प्रश्न सरकारचा होतो. गल्लीतल्या एखाद्या घराच्या मागच्या दारात कोण बसलंय, याची चौकशी निजामाचं सरकार करत नसे. पण नागपुरी दरवाजात कोणी आपणच पहारेकरी म्हणून खुर्ची टाकून बसला असता, तर नागपूरहून आलेला व्यापारी त्यालाच खरा समजून माल दाखवून बसला असता.

नेटवर्कवरच्या प्रत्येक मशीनला असे ६५,५३६ दरवाजे असतात, ० पासून ६५,५३५ पर्यंत. पोर्ट म्हणजे हेच. दगडाचे नव्हेत, नुसते नंबर आहेत. पाकिटावर मशीनचा पत्ता असतो आणि त्याखाली दरवाजाचा नंबर. एखादा प्रोग्राम सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टीमला सांगतो, 'अमुक नंबरच्या दरवाजात मी बसतो, तिथे येणारं सगळं मला द्या.' एका वेळी एका दरवाजात साधारणपणे एकच प्रोग्राम बसतो. यांपैकी ० ते १०२३ हे पहिले १०२४ दरवाजे युनिक्सच्या घराण्यातल्या मशीनवर वेशीच्या आतले. तिथे बसायला रूटची परवानगी लागते.

बर्कलीतला एक आकडा

ही रेघ १०२४ वरच का ओढली? याचं उत्तर कोणत्याही आंतरराष्ट्रीय परिषदेच्या ठरावात सापडत नाही. ती ओढली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या प्रोग्रामरांनी. १ जानेवारी १९८३ ला अमेरिकेतलं आर्पानेट टीसीपी-आयपी या नव्या पद्धतीवर गेलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्कलीने आपल्या युनिक्सची ४.२ बीएसडी ही आवृत्ती बाहेर काढली, आणि तिच्यासोबत टीसीपी-आयपी अनेक विद्यापीठांच्या मशीनवर पोहोचलं. दोनाचा दहावा घात म्हणजे १०२४. प्रोग्रामरच्या हाताला असले आकडे आपोआप येतात. तेव्हा नंबरांचं दप्तर सांभाळणाऱ्या जॉन पोस्टेल यांच्या यादीत तर नेमून दिलेले नंबर २५५ च्या आतच होते. यादीचा पसारा पुढे १०२३ पर्यंत वाढला, तो १९९० च्या दशकात. म्हणजे रेघ आधी बर्कलीच्या कोडमध्ये आली आणि जगाचं दप्तर नंतर तिच्यापर्यंत पोहोचलं.

बर्कलीवाल्यांना ही रेघ हवी होती एका विशिष्ट कामासाठी. ४.२ बीएसडीत 'आरलॉगिन' आणि 'आरएसएच' नावाच्या सोयी होत्या. एका मशीनवर लॉगिन केलेल्या माणसाला दुसऱ्या मशीनवर पुन्हा पासवर्ड न देता जाता यावं, एवढाच उद्देश. पण दुसऱ्या मशीनने विश्वास कसा ठेवायचा? तिथे युक्ती केली ती अशी: विनंती करणारा प्रोग्राम १०२४ च्या खालच्या पोर्टातून बोलत असेल, तर त्याचा अर्थ त्याला त्या मशीनच्या रूटने बसवलंय. रूट म्हणजे तिथला ॲडमिनिस्ट्रेटर. तो विद्यापीठाचा जबाबदार माणूस. तो सांगतोय की हा अमुक वापरकर्ता आहे, तर मान्य.

आज हे वाचून हसू येतं. त्या काळात ते वेडेपणाचं नव्हतं. व्हॅक्ससारखं मशीन एखाद्या खोलीएवढ्या जागेत असे, त्याची किंमत विद्यापीठालाच परवडे, आणि एकाच मशीनवर डझनावारी विद्यार्थी एका वेळी काम करत. रूटचा पासवर्ड दोनतीन जणांकडे. गावात पाटील एकच असतो आणि सगळे त्याला ओळखतात, तेव्हा पाटलाच्या शिक्क्याची चिठ्ठी पुरेशी होते. १०२४ च्या खालचा पोर्ट हा तसा शिक्का होता.

यातला दुसरा भाग आजच्या वेब ॲपच्या कामाचा आहे. एकाच मशीनवर शंभर विद्यार्थी असताना, त्यांच्यातल्या एकाने टेलनेटच्या २३ नंबरावर आपला प्रोग्राम बसवला तर? दुसरा विद्यार्थी लॉगिन करायला येईल, खऱ्याच दरवाजात आलोय असं समजून पासवर्ड टाइप करेल, आणि तो पहिल्याच्या वहीत जमा होईल. म्हणून ओळखीच्या दरवाजात ऐऱ्यागैऱ्याला बसू द्यायचं नाही.

भारतात हा काळ थोडा उशिरा आला, पण आला. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा विद्यार्थ्यांना मिळे ते 'शेल अकाउंट'. मोडेमने फोन लावायचा, निगमच्या युनिक्स मशीनवर लॉगिन करायचं, आणि काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं वाचायची. एक मशीन, अनेक वापरकर्ते, एक रूट. १०२४ चा नियम ज्या जगासाठी केला होता, ते हेच जग.

शिक्का खोटा ठरतो

पण तोवर त्या शिक्क्याची किंमत उतरली होती. कारण साधं होतं. कॉम्प्युटर स्वस्त झाले. प्रत्येकाच्या टेबलावर मशीन आलं आणि त्या मशीनचा रूट तो स्वतःच झाला. पाटील एक होता तोवर शिक्क्याला अर्थ होता. घराघरात शिक्का कोरला जायला लागल्यावर चिठ्ठी दाखवून काय सिद्ध होणार? शिवाय डॉस आणि विंडोजवाल्या पीसीवर ही रेघ कधी नव्हतीच. नेटवर्कला पीसी जोडायचा आणि हव्या त्या पोर्टातून बोलायचं.

१९८५ मध्येच रॉबर्ट टी. मॉरिस नावाच्या तरुणाने बेल लॅब्जमध्ये असताना ४.२ बीएसडीच्या टीसीपी-आयपीमधली एक खोट लिहून दाखवली होती. दुसऱ्या मशीनचा पत्ता खोटा लावून आरएसएचसारख्या सोयीला फसवता येतं, असं त्याचं म्हणणं. १९८९ मध्ये बेल लॅब्जच्याच स्टीव्हन बेलोविन यांनी टीसीपी-आयपीच्या सुरक्षेवर जो निबंध लिहिला, त्यातही असल्या विश्वासावर टीका होती. या दोन्हींच्या मधे, २ नोव्हेंबर १९८८ ला, त्याच मॉरिसने सोडलेला 'वर्म' इंटरनेटवर पसरला. सुमारे ६,००० मशीन त्याने धरल्याचा अंदाज सांगितला जातो. त्याच्या वाटा अनेक होत्या. मेल पोहोचवणाऱ्या प्रोग्राममधली फट होती, फिंगर या सेवेतली चूक होती, आणि एका मशीनने दुसऱ्यावर डोळे मिटून ठेवलेला विश्वासही होता.

शेवटी आरलॉगिनची जागा घेतली ती एसएसएचने. फिनलंडच्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठातल्या तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये ती लिहिली. तिला स्वतःचा पोर्ट हवा होता. फाइलींच्या एफटीपीकडे २१ होता, टेलनेटकडे २३, मधला २२ रिकामा. जुलै १९९५ मध्ये त्यांनी नंबरांच्या दप्तराला मेल करून तो मागितला आणि दुसऱ्या दिवशी जॉइस रेनल्ड्स यांच्याकडून होकार आला. एसएसएच समोरच्याची ओळख किल्लीच्या गणितावरून पटवते. तो कोणत्या दरवाजातून बोलतोय याला तिथे पुराव्याची किंमत नाही.

म्हणजे नियमामागचं पहिलं कारण गेलं. नियम मात्र कर्नलमध्ये राहिला.

८० नंबरवर बसलेला राजा

टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये वेबच्या पहिल्या नियमावलीत लिहून ठेवलं की नंबर दिलेला नसेल तर ८० समजावा. १९९२ च्या जुलैमधल्या अधिकृत यादीत तो नंबर वेबच्या नावावर चढला. ७९ वर फिंगर होतं, ८० मोकळा होता. या एका निवडीमुळे जगातली प्रत्येक वेबसाइट वेशीच्या आत आली, आणि प्रत्येक वेब सर्व्हरला रूटकडे जाणं भाग पडलं.

१९९५ मध्ये आलेल्या अपाचे सर्व्हरने यावर जी पद्धत वापरली ती अजून शिकवण्यासारखी आहे. अपाचे रूट म्हणून सुरू होतो. ८० नंबरचा दरवाजा उघडतो. आणि मग बाहेरून आलेल्या माणसाशी बोलण्याचं काम तो ज्या पोरांवर सोपवतो, त्या प्रोसेसना रूटचे अधिकार काढून टाकायला लावतो. त्या चालतात 'नोबडी'सारख्या वापरकर्त्याच्या नावाने, ज्याच्या मालकीचं मशीनवर जवळजवळ काहीच नसतं. दरवाजाची किल्ली राजाकडून घ्यायची, पण दारात उभ्या माणसाच्या कमरेला खजिन्याच्या किल्ल्या बांधायच्या नाहीत.

हे का करायचं, ते २००१ च्या जुलैत जगाला कळलं. 'कोड रेड' नावाचा वर्म मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस सर्व्हरमधल्या एका चुकीतून शिरत होता. १९ जुलैला चौदा तासांच्या आत सुमारे साडेतीन लाख मशीन त्याने धरली. विंडोजवर १०२४ ची रेघ नव्हती, तरी ही गोष्ट इथे लागू आहे. कारण ज्या भागात चूक होती तो सिस्टीमच्या सर्वोच्च अधिकाराने चालत होता. एका लांबलचक, वेड्यावाकड्या विनंतीने दारातला माणूस कोसळला आणि त्याच्या कमरेच्या सगळ्या किल्ल्या येणाऱ्याच्या हातात पडल्या.

३००० आणि ८०८० ची पिढी

अपाचे सी भाषेत लिहिलेला होता. अधिकार टाकून देण्याची हाक तो थेट कर्नलला मारू शकत होता. पण १९९० च्या दशकाच्या शेवटी वेब ॲप जावात लिहायला सुरुवात झाली. जावाच्या प्रोग्रामला आपण कोणत्या ऑपरेटिंग सिस्टीमवर आहोत याच्याशी घेणंदेणं नसावं, हीच तिची शान. त्यामुळे 'आता मी रूट नाही' असं म्हणण्याची सरळ सोयच तिच्यात नव्हती. जावाचा टॉमकॅट सर्व्हर म्हणून निमूटपणे ८०८० वर बसला. ८० ची नक्कल, वेशीच्या बाहेर. पुढे रेल्स ३००० वर आलं, जँगो ८००० वर, फ्लास्क ५००० वर, आणि २००९ मध्ये आलेल्या नोडवाल्यांनीही ३००० उचलला. आजच्या इंजिनिअरिंगच्या पोरांना पोर्ट म्हटलं की हेच नंबर आठवतात.

शिकताना यात काही अडत नाही. अडतं ते खऱ्या लोकांसमोर जाताना. पत्त्यापुढे कोलन देऊन ८०८० टाइप करा, असं गिऱ्हाइकाला सांगता येत नाही. शिवाय कित्येक ऑफिसांचे फायरवॉल ८० आणि ४४३ सोडून बाकी दरवाजे बंद ठेवतात. म्हणजे बाहेरच्या जगात दिसायचं असेल तर वेशीच्या आत यावंच लागतं.

मागच्या वर्षी मी एका पतसंस्थेचा सर्व्हर सांभाळायला घेतला. जिल्ह्याचंही नाव सांगत नाही. सभासदांची खाती, कर्जाचे हप्ते, आधारकार्डांचे फोटो, सगळं एका भाड्याच्या लिनक्स मशीनवर. रोजचा बॅकअपही त्याच मशीनवर. ॲप नोडमध्ये होतं, आणि पहिल्या दिवसापासून रूटच्या नावाने चालत होतं. सभासदांना फोटो अपलोड करायची सोय होती, म्हणजे बाहेरचा कोणीही माणूस त्या मशीनला फाइल पाठवू शकत होता, आणि ती फाइल हाताळणारा प्रोग्राम रूट होता.

ज्याने ते बसवलं त्या पोराला मी फोन केला. हुशार पोरगा. अमरावतीत शिकलेला, आता पुण्यात.

"साधं चालवलं तं परमिशन डिनाइड ये ना भाऊ," तो म्हणाला. "मंग सुडो लावलं. चाललं. काहून, काही झालं का?"

"झालं काही नाही."

"मंग?"

या 'मंग?'चं उत्तर देणं सोपं नाही. खरोखर काहीच झालं नव्हतं. आणि त्याचा दोषही मला काढता येईना. त्याने कर्नलने मागितली ती परवानगी दिली. ओळखीच्या दरवाजात भरवशाचाच माणूस बसावा म्हणून केलेल्या नियमाने त्याला एवढंच शिकवलं होतं की दरवाजात बसायचं तर राजा व्हावं लागतं. सुरक्षेसाठी केलेला नियम, आणि त्याच्यामुळे जगभर किती ॲप विनाकारण राजाच्या वेशात दारात उभी आहेत याची गणती नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ॲप साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालवलं, तरी चोर त्याच्यात शिरला तर सभासदांची खाती तो वाचेलच, कारण ॲपला ती वाचावीच लागतात. फरक पडतो तो पुढच्या पावलाला. रूट झालेला चोर बॅकअप पुसतो, आपल्या खुणा असलेल्या नोंदी पुसतो, आपण कधीही परत येऊ शकू असं चोरदार कर्नलपर्यंत खणून ठेवतो. साधा वापरकर्ता झालेल्या चोराला यातलं काही सहज जमत नाही. चोरी झाल्याचं कळतं आणि दुसऱ्या दिवशी खाती पुन्हा उभी करता येतात. ज्या संस्थेत दूधवाले आणि भाजीवाले रोजची पिग्मी भरतात, तिथे 'उद्या खाती पुन्हा उभी राहतील का' हाच खरा प्रश्न असतो.

मालकी एकाची, वहिवाट दुसऱ्याची

राजा न होता दरवाजात बसायच्या वाटा गेल्या पंचवीसतीस वर्षांत एकेक करून निघाल्या.

डेबियनच्या इयन जॅक्सन यांनी 'ऑथबाइंड' नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला: कोणत्या वापरकर्त्याला कोणता पोर्ट, याची चिठ्ठी करून ठेवायची. २००१ च्या लिनक्स २.४ बरोबर आयपीटेबल्स आलं. त्याने ८० वर आलेलं पाकीट कर्नलमध्येच ८०८० कडे वळवता येतं, ॲपला पत्ताही लागत नाही. यात एक बारीक मेख आहे. ८०८० वेशीच्या बाहेर आहे. ॲप बंद पडलं आणि त्याच मशीनवरच्या दुसऱ्या कोणी तेवढ्यात ८०८० बळकावलं, तर ८० ची सगळी गर्दी त्याच्याकडे वळते. एकट्याच्या मशीनवर याची चिंता नको, सामाईक मशीनवर करावी.

२००४ मध्ये रशियाच्या इगोर सिसोएव यांनी एनजिनएक्स लोकांसाठी खुला केला, आणि आज सर्वाधिक रुळलेली वाट हीच आहे. एनजिनएक्स ८० आणि ४४३ वर बसतो, अपाचेसारखेच अधिकार टाकतो, प्रमाणपत्राचं कुलूप सांभाळतो आणि आलेली विनंती आत ३००० वर बसलेल्या ॲपला नेऊन देतो.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती चौथी वाट, कारण तिच्यात वऱ्हाडचा इतिहास दिसतो. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चाचं कर्ज फिटत नव्हतं म्हणून. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने तेच पक्कं करून घेतलं: वर्षाला २५ लाख रुपये खंड आणि कायमचा पट्टा. १९३६ नंतर निजामाचा वारस 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणवून घेत होता, आणि अकोल्याचा सारा मात्र नागपूरच्या सरकारकडे जात होता. सार्वभौमत्व ही एकच अखंड वस्तू आहे असं आपण धरून चालतो. वऱ्हाडात तिचे तुकडे पन्नास पन्नास वर्षं वेगवेगळ्या हातांत राहिले.

रूटचंही असंच आहे. जुन्या युनिक्समध्ये एक तर तुम्ही सगळं करू शकता किंवा काहीच नाही. जानेवारी १९९९ च्या लिनक्स २.२ पासून रूटच्या सत्तेचे तुकडे पाडले गेले, त्यांना 'केपेबिलिटी' म्हणतात. घड्याळ बदलण्याचा अधिकार वेगळा, दुसऱ्याच्या फाइलीची मालकी बदलण्याचा वेगळा, आणि १०२४ खालच्या दरवाजात बसण्याचा वेगळा. या शेवटच्याचं नाव 'कॅप नेट बाइंड सर्व्हिस'. २००८ च्या २.६.२४ पासून तो अधिकार 'सेटकॅप' या आज्ञेने एखाद्या प्रोग्रामच्या फाइलीवरच लिहून ठेवता येतो. पट्ट्याने दिलेला एकच हक्क, बाकी राज्य राजाचं.

पट्टा लिहिताना मात्र नाव कोणाचं घालतोय ते पाहावं लागतं. नोड किंवा पायथनच्या मूळ फाइलीवर तो अधिकार लिहिला, तर त्या मशीनवर नोड चालवणाऱ्या प्रत्येकाला तो मिळतो, तुमच्या ॲपला एकट्याला नाही. प्रोग्रामची नवी आवृत्ती आली की जुनी फाइल जाते आणि पट्टाही तिच्याबरोबर जातो. म्हणून आता सिस्टीमडीला सांगणं बरं पडतं: अमुक सेवा या वापरकर्त्याच्या नावाने चालव, आणि तिला एवढा एकच हक्क दे. २०१६ पासून ही सोय तिच्यात आहे.

मग रेघ पुसून का टाकत नाही?

पुसायला सुरुवात झाली आहे. २०१७ च्या लिनक्स ४.११ पासून ही रेघ कुठे ओढायची ते ॲडमिनिस्ट्रेटर ठरवू शकतो. १०२४ ऐवजी ८० लिहा, शून्य लिहा. २०१८ मध्ये ॲपलच्या मोहावे आवृत्तीने हा नियम बऱ्याच अंशी सोडून दिला. डिसेंबर २०२० च्या डॉकर २०.१० मध्ये कंटेनरच्या आत ती रेघ शून्यावर आणून ठेवली. कारण कंटेनर म्हणजे एकाच ॲपचं गाव. तिथे परका कोणी नाही, मग वेस कशाला?

तरी पूर्ण पुसायला मन धजत नाही, आणि त्याला एक आजचं कारण आहे. ब्राउझरमधलं कुलूप ज्या प्रमाणपत्रावर उभं असतं, ते देणाऱ्या संस्था 'ही वेबसाइट तुमचीच कशावरून' असं विचारतात. लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची परीक्षा म्हणजे एक सांकेतिक फाइल ठेवायची, आणि ती त्यांनी ८० नंबरच्या दरवाजातूनच येऊन वाचायची. अशी तपासणी कोणत्या पोर्टांवर चालेल याची यादी प्रमाणपत्रवाल्यांच्या नियमांत आहे: २२, २५, ८०, ४४३. चारही १०२४ च्या खालचे. एखाद्या सामाईक मशीनवर कोणालाही ८० वर बसता आलं, तर तो त्या मशीनवरच्या वेबसाइटच्या नावाचं खरंखुरं प्रमाणपत्र काढू शकेल. १९८३ चा शिक्का आरलॉगिनसाठी खोटा ठरला, आणि तीसेक वर्षांनी दुसऱ्याच एका कागदासाठी पुन्हा चालू लागला.

परकोटाचंही तसंच झालं. पेंढारी १८१८ पर्यंत मोडले गेले, म्हणजे भिंत ज्यांच्यासाठी उभी केली ते तिला हात घालून दहाएक वर्षांतच संपले. तरी अमरावतीत आजही अंबागेट सांगितल्याशिवाय पत्ता पुरा होत नाही.

पतसंस्थेचं काम एका दुपारचं निघालं. ॲपसाठी वेगळा वापरकर्ता केला, ज्याला लॉगिनच करता येत नाही. पुढे एनजिनएक्स बसवला. बॅकअप दुसऱ्या मशीनवर नेला. सभासदांना यातलं काही दिसलं नाही, दिसण्यासारखं काही नव्हतंच. त्या पोरालाही केलेलं सगळं लिहून पाठवलं. रात्री त्याचा मेसेज आला. पुण्यात त्याने तेव्हापासून बसवलेली आणखी तीन ॲप तो मोजून बसला होता, आणि विचारत होता, पहिल्यांदा कोणत्याला हात घालू. मी सांगितलं, ज्यात लोक फाइल अपलोड करतात त्याला.